रात्री अकरानंतर कथा लिहायला बसताना

नोकरी, लोकलचा प्रवास, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं हे सगळं उरकल्यावर ज्यांच्या हाती लिहायला वेळ येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कथा लिहून पाहायची आहे, दिवसा जमत नाही आणि रात्री वही उघडली की काही सुचत नाही, अशी तक्रार नव्याने लिहिणारे हमखास करतात. माझं मत थोडं रुक्ष वाटेल: रात्र काही सुचवत नाही. त्या वेळी तुम्हाला कोणी हाक मारत नाही, एवढाच तिचा उपयोग. तो मोठाच आहे, पण त्यासाठी दिवसभरात काहीतरी गोळा केलेलं असावं लागतं आणि रात्री लिहिलेलं नंतर दिवसाउजेडी तपासावं लागतं.

दिवसा टिपणं करा, रोज एक तरी

खिशात मावणारी वही ठेवा, नाहीतर फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप वापरा. त्यात विचार लिहू नका. 'आयुष्य किती क्षणभंगुर' असलं काही लिहून ठेवलंत, तर रात्री त्यातून काहीही निघत नाही. पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा: एखादी वस्तू, कानावर पडलेलं एखादं वाक्य, कुणाचं तरी न कळलेलं वागणं. उदाहरणार्थ असं टिपण:

'बँकेत पासबुक भरायच्या मशीनपाशी आजोबा. पासबुक कोरं, नवं. प्लास्टिकचं कव्हर जुनं, पिवळं पडलेलं. कव्हरच्या आत बाईचा पासपोर्ट साइझ फोटो.'

एवढं पुरे. त्यात निष्कर्ष नाही, कीव नाही. 'बिचारे आजोबा' असं लिहिलं असतं, तर कथा तिथेच संपली असती, कारण काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरलं असतं. हेच टिपण पुढे वापरू.

किती वाजता बसायचं आणि किती वाजता उठायचं

उठायची वेळ आधी ठरवा. प्रौढ माणसाला साधारण सात तासांची झोप लागते. सकाळी सहाचा गजर असेल, तर अकरा वाजता दिवा बंद व्हायला हवा आणि दहा ते अकरा हा तुमचा लेखनाचा तास. शीर्षकात अकरानंतर म्हटलंय ते उशिरा उठू शकणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी तास मागे ओढावा. आठवड्यात एखादी रात्र, शक्यतो शुक्रवार किंवा शनिवार, लांबवायला हरकत नाही.

चहा-कॉफीचं गणितही पाहून घ्या. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. रात्री दहाला कडक कॉफी घेतलीत, तर तीन वाजता त्यातली निम्मी अंगात असते. लिहिताना काहीतरी प्यायची सवयच असेल, तर कोमट पाणी किंवा गवती चहाचा काढा करून ठेवा.

जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार फ्रान्झ काफ्का याची गोष्ट नवख्यांना फार आवडते. प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत तो नोकरी करायचा. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला टेबलाशी बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत त्याने एक अख्खी कथा एका बैठकीत संपवली. हे खरं आहे. पण त्या सकाळी त्याने वरिष्ठांना चिठ्ठी पाठवली की जरा चक्कर आली होती, उशिरा येतो. हा भाग कोणी सांगत नाही. ती रात्र त्याच्याही आयुष्यात पुन्हापुन्हा आली नाही. तिची वाट पाहत बसण्यापेक्षा रोजचा एक तास बरा.

आणि तुम्ही मुळात रात्रीचे आहात का, तेही पाहा. काहींच्या शरीराचं घड्याळच लवकर मिटणारं असतं. दहा वाजता डोळे जड होत असतील, तर स्वतःशी भांडू नका, पहाटे उठा. महाराष्ट्रातल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या रचल्या त्या पहाटेच्या काळोखातच. घर उठायच्या आत दळण व्हायचं आणि दळताना बोलायला मोकळीक मिळायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायकांना निवांत वेळ कोणी दिला नव्हता. काम चालू असतानाच त्यांनी तो काढला.

रात्रीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०११ साली मरैका वीथ आणि रोझ झॅक्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ संशोधकांनी विद्यार्थ्यांना कोडी घातली. ज्या कोड्यांना एकदम उलगडा व्हावा लागतो, ती विद्यार्थ्यांना त्यांच्या गैरसोयीच्या वेळी, म्हणजे डोकं पुरेसं तरतरीत नसताना, जास्त चांगली सुटली. पायरी-पायरीने सोडवायच्या कोड्यांत असा फायदा दिसला नाही. दमलेलं मन एकाच गोष्टीला चिकटून राहत नाही, भटकतं, असा त्यांचा अर्थ. कथालेखन म्हणजे कोडं नव्हे, तरी यातून कामाची वाटणी सुचते: अनपेक्षित जोडण्या रात्री करा, हिशेब दिवसा.

जागा

वन रूम किचनमध्ये 'स्वतःची खोली' वगैरे बोलणं व्यर्थ आहे. ओट्याशेजारचं डायनिंग टेबल, बाल्कनी, जिन्याची पायरी, काहीही चालेल. वरची ट्यूबलाइट नको. तिने घरचे उठतात आणि तुमचीही झोप उडते. पिवळ्या प्रकाशाचा छोटा टेबललॅम्प घ्या. पहिला खर्डा शक्यतो कागदावर लिहा, कारण फोन हातात असला की व्हॉट्सअ‍ॅपही हातात असतं. फोनवर लिहायचंच असेल, तर विमान मोडवर टाका. बोलून टाइप करायची सोय मराठीत आता चांगली चालते, पण झोपलेल्या घरात कुजबुजत बोललेलं तिला धड कळत नाही. ती दुपारी वापरा.

पहिली वीस मिनिटं

अडचण खरी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. आदल्या रात्रीचा शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढा. उतरवताना एखादा शब्द बदलतो, एखादं वाक्य लांबतं आणि तुम्ही कधी पुढे लिहायला लागलात ते कळत नाही. त्यासाठी उठताना वाक्य अर्धवट सोडायची सवय लावा. 'आजोबांनी कव्हरमधून फोटो काढला आणि' इथे थांबा. सगळं सांगून मोकळं होऊन झोपलात, की दुसऱ्या रात्री विहीर कोरडी.

पहिलीच रात्र असेल, तर टिपणवही उघडा आणि एकच टिपण निवडा. मग त्याला प्रश्न विचारा. नवीन लेखक बहुधा चुकीचा प्रश्न विचारतो: फोटो कुणाचा? उत्तर सोपं येतं, बायकोचा. बायको वारलेली. झाली कथा, आणि ती आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलेली आहे. प्रश्न असा विचारा की उत्तर पटकन येणार नाही. पासबुक नवं घेतलं, मग कव्हर का नाही बदललं? खातं कुणाच्या नावावर आहे? कोऱ्या पासबुकात आज काय छापून येणार आहे, आणि ते आजोबांना पाहायचं आहे की पाहायचं नाही? शेवटच्या प्रश्नात मला कथा दिसते. पैसे आलेत की नाहीत हे कळलं, की दुसरीही काहीतरी गोष्ट कळणार आहे. मुलगा पैसे पाठवायचा थांबलाय का? की कुणीतरी खातं रिकामं केलंय?

हे प्रश्न कागदावर लिहा, मनात नको. रात्री मनात सगळंच थोर वाटतं. पाच-सहा प्रश्न झाले की तीन गोष्टी ठरतात का बघा: या माणसाला काय हवंय, आड काय येतंय, आणि हे नेमकं आजच का घडतंय. तिसरी सर्वात दुर्लक्षित. 'आज पेन्शन जमा व्हायची तारीख' एवढं जरी सापडलं, तरी कथेला गती येते.

मग लिहायला लागा. मागे वळून वाचू नका, खोडू नका. शब्द आठवला नाही तर रिकामी जागा सोडून पुढे जा. रात्रीचा खर्डा वाईट असणं हा त्याचा हक्क आहे.

रात्र हीच सामग्री

कथेत रात्र आली की 'नीरव शांतता', 'रातकिड्यांची किरकिर' आणि 'काळोखाची चादर' यांतलं काहीतरी हटकून येतं. तुम्ही आत्ता रात्रीच बसलेले आहात. दहा मिनिटं पेन खाली ठेवा आणि खरोखर काय ऐकू येतंय ते लिहून काढा. वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची. फ्रीजची मोटर चालू होऊन बंद होणं. वॉचमनची शिट्टी, काठीचा ठोका. पाणी पहाटे येणाऱ्या भागात राहत असाल, तर बादलीत पडणारी पहिली धार. रुळांजवळ राहत असाल, तर शेवटची लोकल गेल्यावर धावणाऱ्या मालगाड्या. यातली दोनच अचूक निवडली तरी वाचकाला रात्र दिसते.

आणखी एक करा. महिन्यातून एखादी पहाट बाहेर काढा, सोबत कुणीतरी घेऊन. दादरची फुलमंडई उजाडण्याआधीच गजबजलेली असते. पुण्याच्या गुलटेकडीतल्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजार समितीत भाजीचे ट्रक रात्रीच लागतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आत घालायचं काम चौकाचौकांत अंधारात चाललेलं दिसेल. तिथे 'निरीक्षण' करत हिंडू नका, काहीतरी विकत घ्या आणि कडेला उभं राहून ऐका. माणसं भाव कसे करतात, शिवी प्रेमाने कशी देतात, हमाल वाट मागताना काय ओरडतात. घरी येऊन लगेच टिपा. संवादाचा सूर दुपारपर्यंत विरतो.

संवाद दशावताराकडून शिका

सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रांच्या दिवसांत देवळापुढे रात्रभर दशावतार हे लोकनाट्य चालतं. आधी आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात संकासुर वगैरे पात्रं, आणि मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. त्या नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि प्रसंग कोणते एवढं ठरतं, पुढचे संवाद तिथल्या तिथे, समोरच्याच्या बोलण्यावरून उचलले जातात. म्हणून ते एकमेकांचं ऐकतात. नवख्या लेखकाची पात्रं ऐकत नाहीत, ती वाचकाला माहिती पुरवतात.

समजा आजोबांशेजारी एक मुलगी आहे. रात्रीच्या खर्ड्यात बहुधा असं उतरतं:

'आजोबा, द्या मी भरून देते.'
'घे बाळा. माझे डोळे आता काम करत नाहीत. आणि हा फोटो माझ्या पत्नीचा. ती सहा वर्षांपूर्वी वारली.'

बँकेतल्या अनोळखी मुलीला कोणी पहिल्याच वाक्यात हे सांगतं का? आता दोन्ही बाजूंनी ओठांतल्या ओठांत बोलून पाहा. आधी मुलगी व्हा, तिचं वाक्य ऐकून मग आजोबा व्हा.

'द्या आजोबा, मी भरते.'
'कव्हर काढू नको.'
'कव्हरसकट मशीनमध्ये जात नाही ते.'
'मग राहू दे. उद्या येतो.'

फोटोचा उल्लेखही नाही, पण वाचक आता कव्हरकडे पाहायला लागतो. नियम साधा ठेवा: प्रत्येक पात्राने समोरच्याच्या शेवटच्या वाक्याला धरूनच बोलायचं आणि मनातली मुख्य गोष्ट शक्य तितकी टाळायची.

बोलीचं एक पथ्य. तुमच्या घरात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी जे बोललं जातं, ते संवादात बिनधास्त आणा. जी बोली फक्त मालिकांतून ऐकलीय, तिला हात लावू नका. त्या भागाचा वाचक दुसऱ्या ओळीला ओळखतो.

डोळा लागताना

झोपेच्या उंबरठ्यावर चित्रविचित्र जोडण्या सुचतात, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी तो तपासला. लोकांना एक गणिती काम दिलं, त्यात एक छुपी युक्ती होती. मधल्या विश्रांतीत हातात वस्तू धरून डुलकी घ्यायला सांगितलं, म्हणजे झोप गाढ होऊ लागली की वस्तू पडून जाग यावी. झोपेच्या अगदी पहिल्या टप्प्यात निदान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती युक्ती सापडली, जागं राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. पुढच्या गाढ टप्प्यात गेलेल्यांपैकी मात्र फक्त १४ टक्क्यांना.

गणितावरून कथेबद्दल ठाम बोलू नये, पण करून पाहायला खर्च नाही. उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा. पेन्सिलच, कारण आडवं पडून बॉलपेन चालत नाही. झोपायच्या आधी अडलेला प्रश्न एका ओळीत लिहा: 'आजोबा उद्या खरंच येतात का?' दिवा बंद करा. काही आलं तर अंधारातच खरडा. दिवा लावलात आणि फोन पाहिलात की ते गेलं. सकाळी त्यातलं पुष्कळसं निरर्थक निघेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दिवसाउजेडी तपासणी

खर्डा किमान आठवडाभर झाकून ठेवा. मग रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, मोठ्याने वाचा. रात्रीच्या लेखनाचे दोष ठरावीक असतात. पहिला परिच्छेद लेखकाने गाडी गरम करायला लिहिलेला असतो, तो बहुधा काढता येतो. पात्रं गरजेपेक्षा जास्त रडतात. शेवटी कोणीतरी मरतं, किंवा ते स्वप्न निघतं. लेखकाला झोप आलेली होती, दुसरं काही कारण नसतं.

मराठीची एक खास अडचण म्हणजे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे असं होतं: 'बँकेत गर्दी होती. मशीन बंद होतं. आजोबा रांगेत उभे होते. त्यांच्या हातात पासबुक होतं.' व्याकरण बरोबर आहे आणि ऐकायला हातोडा आहे. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा. एकच क्रियापद ओळीने येत असेल, तर मोडा: 'मशीनवर "बंद आहे" असा कागद. गर्दी काउंटरकडे सरकली तरी आजोबा तिथेच, पासबुक छातीशी धरून.' चारही 'होती-होतं-होते' गेले तरी चित्र जास्त स्पष्ट झालं. दर वेळी सगळेच काढायला जाऊ नका, नाहीतर भाषा तुटक आणि दिखाऊ होते.

निवेदनात 'केले, गेले' ठेवायचं की 'केलं, गेलं', हे ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. रात्री दमल्यावर दोन्हींची खिचडी होते. संवादात बोलण्याचंच रूप हवं. 'आई, मी जेवण केले आहे' असं कुठलंही पोरगं म्हणत नाही.

सोडलेल्या रिकाम्या जागा आता भरा. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अवजारं, शेती, नाती, भांडी यांचे जुने शब्द खच्चून भरलेत. एक शब्द शोधायला जाऊन तास निघून जातो, म्हणून हे रात्री करायचं नाही. शिवाय अनोळखी शब्द सापडला म्हणून तो आजोबांच्या तोंडी घालायचा नाही.

शुद्धलेखनाची भीती मात्र सोडा. राज्य सरकारने १९६२ मध्ये मान्य केलेले साहित्य महामंडळाचे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यात पडलेली चार नियमांची भर, एवढंच सगळं आहे. मिळून अठरा. एका दुपारी वाचून होतात, अंगवळणी पडायला वर्ष लागतं, आणि उरलेलं संपादक पाहतात.

कुणाला दाखवायचं, कुठे पाठवायचं

पहिला वाचक घरातला नको. घरचे एकतर कौतुक करतात, नाहीतर 'ही मी आहे का?' असं विचारतात. वाचनालयातला, ऑफिसमधला, कथा नियमित वाचणारा एखादा माणूस शोधा आणि 'कशी वाटली?' ऐवजी 'कुठे वाचायचा कंटाळा आला?' असं विचारा. त्याने दाखवलेली जागा बहुधा बरोबर असते, त्याने सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा.

मराठीत नवख्याला अजूनही मोठं दार म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीय. अंक दिवाळीत येत असला तरी साहित्य उन्हाळा-पावसाळ्यातच मागवतात. गणपतीत कथा पाठवलीत तर पुढच्या वर्षाचा विचार करा. गेल्या वर्षीचे दोन-तीन अंक वाचनालयातून आणा. कोणता अंक विनोदी, कोणता ग्रामीण कथेचा, कोणता नवख्यांना जागा देणारा, हे चाळल्यावर कळतं. शब्दमर्यादा आणि अखेरची तारीख अंकागणिक वेगळी असते, ती त्यांच्या निवेदनात पाहा.

कथा युनिकोडमध्ये टाइप करा. टायपिंगवाल्याकडून करून घेत असाल, तर तो जुन्या फॉन्टमध्ये तर देत नाही ना हे आधी विचारा, नाहीतर संपादकाच्या संगणकावर तुमच्या कथेच्या जागी नुसती चिन्हं उमटतात. सोबत पीडीएफही जोडा. पत्रात नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि 'ही कथा अप्रकाशित आहे' एवढंच. कथेचा आशय समजावून सांगू नका. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली, तर पुढे दोन्हीकडे दार बंद. उत्तर येईपर्यंत महिने जातात आणि पुष्कळदा येतच नाही. दोन-अडीच महिन्यांनी एकदा नम्र ईमेल करून विचारायला हरकत नाही, फोन मात्र करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंकाच्या संपादकालाही रात्रीच काम करावं लागतं.